सतत क्लब बदलणारा व्यावसायिक फुटबॉलपटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्नीमन फुटबॉलपटू कोणाला म्हणतात?

ज्या व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द एका क्लबाच्या नावाशी जोडली न जाता अनेक क्लबांमध्ये, बहुधा एक-दोन मोसमांच्या तुकड्यांनी, विभागलेली असते, त्याला फुटबॉलच्या वर्तुळात जर्नीमन म्हणतात. त्यासाठी किती क्लब व्हावे लागतात याचा ठरलेला आकडा नाही. कुठल्या ना कुठल्या क्लबाला तो दरवर्षी हवा असतो, पण त्याच्याभोवती संघ उभारण्याचा विचार सहसा कोणी करत नाही, हे त्याचे खरे लक्षण आहे. हा शब्द कित्येकदा हेटाळणीच्या सुरात वापरला जातो आणि तो सूर अन्यायकारक आहे. अकादमीत शिकणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांना पहिला व्यावसायिक करारसुद्धा मिळत नाही. अशा धंद्यात पंधरा वर्षे टिकलेला खेळाडू दरवर्षी नव्याने निवडला गेलेला असतो, ही गोष्ट सहज विसरली जाते.

तो इतके क्लब का बदलतो? त्याच्यात निष्ठा नसते का?

हा प्रश्न विचारताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे क्लब बदलण्याचा निर्णय खेळाडूचा असतो. मधल्या आणि खालच्या पातळीवरच्या फुटबॉलमध्ये तो बहुतेक वेळा क्लबाचा असतो. इंग्लंडमध्ये मोसम संपताच लीगमधील क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला मोकळे करणार याच्या याद्या जाहीर करतात, आणि ज्याचे नाव दुसऱ्या यादीत असते तो काही आठवड्यांत बेरोजगार होतो. बातमीत मात्र ‘अमुक खेळाडूने क्लब सोडला’ असे छापून येते.

सर्वांत नेहमीचे कारण प्रशिक्षक बदलणे हे आहे. नवा प्रशिक्षक आपली रचना घेऊन येतो. आधीच्या प्रशिक्षकाने दोन आघाडीपटूंसाठी संघ बांधला असेल आणि नव्याला एकच आघाडीपटू लागत असेल, तर दुसऱ्याचा खेळ जराही न घसरता तो एका आठवड्यात अनावश्यक ठरतो. प्रशिक्षकांच्या स्वतःच्या नोकऱ्या अल्पायुषी असल्यामुळे ही उलथापालथ वारंवार होते. याचीच दुसरी बाजू अशी की प्रशिक्षक नव्या क्लबात गेल्यावर आपल्या ओळखीच्या, भरवशाच्या खेळाडूंना बोलावून घेतात. काही खेळाडूंच्या क्लबांची यादी नीट पाहिली तर ती प्रत्यक्षात एकाच प्रशिक्षकामागून झालेला प्रवास असतो.

दुसरे कारण संघाच्या पातळीतील बदल. संघ खालच्या विभागात घसरला की उत्पन्न कमी होते आणि जास्त पगाराचे खेळाडू आधी बाहेर काढले जातात. संघाला बढती मिळाली तर सर्वांचे भले होते असे वाटेल, पण वरच्या विभागासाठी क्लब अधिक चांगले खेळाडू विकत घेतो आणि ज्याच्या गोलांवर बढती मिळाली तोच आघाडीपटू राखीव बाकावर बसतो. यशामुळे नोकरी जाण्याचा हा प्रकार बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतो. ड्रेसिंग रूममध्ये त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही.

स्वतःहून क्लब बदलणारे खेळाडूही अर्थातच असतात. कोणाला जास्त पगार हवा असतो, कोणाला घराजवळ यायचे असते, आणि पुष्कळांना केवळ खेळायचे असते. मोठ्या क्लबाच्या बाकावर दोन वर्षे बसलेल्या खेळाडूचे बाजारमूल्य दर महिन्याला घटत असते, त्यामुळे लहान क्लबात जाऊन नियमित सामने खेळणे हा त्याच्यासाठी शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

बोसमन निकालाचा याच्याशी काय संबंध आहे?

फार जवळचा. ज्यां-मार्क बोसमन या बेल्जियन खेळाडूचा आरएफसी लिएज या क्लबाशी असलेला करार 1990 मध्ये संपला आणि त्याला फ्रान्समधील डंकर्क क्लबात जायचे होते. करार संपलेला असतानाही लिएजला हस्तांतर शुल्क, म्हणजे खेळाडू सोडण्याबद्दल नव्या क्लबाकडून मिळणारी रक्कम, हवे होते, आणि त्या काळच्या नियमांनुसार ते मागता येत होते. व्यवहार फिसकटला, बोसमन न्यायालयात गेला आणि 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. करार संपल्यावर युरोपीय संघातील देशांच्या नागरिक खेळाडूंना दुसऱ्या सदस्य देशातील क्लबात विनाशुल्क जाण्याची मोकळीक मिळाली. क्लब स्पर्धांमध्ये अशा खेळाडूंच्या संख्येवर असलेली राष्ट्रीयत्वाची मर्यादाही त्याच निकालाने रद्द ठरली.

नामांकित खेळाडूंना या निकालाचा मोठा आर्थिक लाभ झाला, कारण वाचलेल्या शुल्काचा वाटा पगार आणि करारावेळच्या रकमेच्या रूपाने त्यांच्याकडे वळला. मधल्या फळीतील खेळाडूच्या वाट्याला मात्र दुधारी स्वातंत्र्य आले. क्लब त्याला अडवून ठेवू शकत नाही हे खरे, पण ज्याच्या बदल्यात पुढे पैसे मिळणार नाहीत अशा खेळाडूशी लांबचा करार करण्याचे कारणही क्लबाकडे उरत नाही. आजच्या जर्नीमन कारकिर्दीचा साचा बऱ्याच अंशी या हिशेबातून घडला आहे, असे माझे मत आहे.

करार किती वर्षांचा असतो, आणि एका मोसमात किती क्लबांकडून खेळता येते?

फुटबॉलची जागतिक नियामक संस्था असलेल्या फिफाच्या नियमांनुसार करार किमान चालू मोसमाच्या अखेरपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. देशाच्या कायद्यात वेगळी तरतूद असेल तर तेवढाच अपवाद. अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी ही कमाल मर्यादा तीन वर्षांची आहे. एका मोसमात खेळाडूची नोंदणी तीन क्लबांकडे होऊ शकते, पण अधिकृत सामने सर्वसाधारणपणे दोनच क्लबांकडून खेळता येतात. जानेवारीत क्लब बदलताना ज्या खेळाडूने ऑगस्टमध्येही एकदा क्लब बदललेला असतो, त्याला हा नियम फार जपून पाहावा लागतो.

कराराच्या शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू पुढच्या मोसमासाठी दुसऱ्या क्लबाशी आगाऊ करार करू शकतो. नोंदणीची मुदत, म्हणजे क्लबांना नवे खेळाडू नोंदवता येतात तो ठरावीक काळ, संपण्यापूर्वीच ज्याचा करार संपला आहे, अशा मोकळ्या खेळाडूची नोंदणी मुदतीबाहेरही करता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एखाद्या क्लबाचे दोन बचावपटू जायबंदी झाले की अचानक एखाद्या अनुभवी, बेरोजगार खेळाडूला फोन जातो तो या तरतुदीमुळे.

लोनवर जाणे म्हणजे काय? त्यात खेळाडूचा फायदा असतो का?

मूळ क्लबाशी करार कायम ठेवून ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबाकडून खेळणे म्हणजे लोन. पगार कोणी किती द्यायचा हे दोन क्लब आपसात ठरवतात. एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूला यातून प्रौढ खेळाडूंच्या फुटबॉलची सवय होते, आणि तो लाभ खरा आहे. परंतु तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी चौथ्यांदा लोनवर जाणाऱ्या खेळाडूला आपला मूळ क्लब आपल्याला वापरणार नाही हे एव्हाना कळलेले असते.

मोठ्या क्लबांनी डझनांनी खेळाडू असे बाहेर ठेवण्याची प्रथा पाडली होती. तिला आवर घालण्यासाठी फिफाने 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली. पहिल्या वर्षी एका क्लबाला आठ खेळाडू देण्याची आणि आठ घेण्याची मुभा होती. ती टप्प्याटप्प्याने कमी करत 2024 पासून सहावर आणण्यात आली. एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबानेच घडवलेले खेळाडू यातून वगळले आहेत. लोनचा कमाल कालावधी एक वर्षाचा आहे आणि लोनवर घेतलेला खेळाडू तिसऱ्या क्लबाला देता येत नाही.

सर्वाधिक क्लबांकडून खेळण्याचा विक्रम कोणाचा आहे?

उरुग्वेचा आघाडीपटू सेबास्तियन आब्रेउ याचा. 2017 च्या अखेरीस चिलीतील ऑडॅक्स इतालियानो या त्याच्या सव्विसाव्या क्लबात त्याने करार केला तेव्हा गिनीज बुकात त्याची नोंद झाली, आणि 2021 मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी तो थांबला तेव्हा ही संख्या तिसाच्या वर गेली होती. उरुग्वे, अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको, स्पेन, ग्रीस, इस्राएल, एक्वादोर, पराग्वे, एल साल्वादोर, चिली अशी त्याच्या देशांची यादीही लांबलचक आहे. त्याला दुय्यम दर्जाचा खेळाडू समजणाऱ्यांनी 2010 च्या विश्वचषकातील घानाविरुद्धची उपांत्यपूर्व लढत आठवावी. पेनल्टी शूटआउटमधला निर्णायक फटका त्याने गोलाच्या मधोमध अलगद उचलून मारला आणि उरुग्वेला उपांत्य फेरीत नेले.

देशांच्या नव्हे, खंडांच्या हिशेबाने पाहिले तर जर्मन गोलरक्षक लुट्झ फानेनश्टील याचे नाव घ्यावे लागते. फिफाच्या सहाही खंडीय महासंघांच्या क्षेत्रांत व्यावसायिक फुटबॉल खेळणारा तो पहिला खेळाडू ठरला. 2008 मध्ये ब्राझीलमधील क्लबात खेळून त्याने हे वर्तुळ पूर्ण केले. त्याआधी 2002 मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू या क्लबाकडून खेळताना झालेल्या टकरीत त्याचा श्वास मैदानावरच थांबला होता. त्यातून वाचून तो पुढे आणखी कित्येक वर्षे खेळला.

निकोला अनेल्का किंवा झ्लाटान इब्राहिमोविच या नामांकित आघाडीपटूंनाही जर्नीमन म्हणता येईल का?

क्लबांच्या संख्येवरून म्हणता येईल, परिस्थितीवरून म्हणू नये. अनेल्का पॅरिस सेंट जर्मेन, आर्सेनल, रेआल माद्रिद, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाची, बोल्टन, चेल्सी असा फिरला, पण त्यातील अनेक बदलांच्या वेळी त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजली गेली. इब्राहिमोविच तर अयाक्स, युव्हेंटस, इंटर, बार्सिलोना, मिलान असा शिखरांवरूनच चालत गेला. ज्याच्यामागे क्लब धावतात आणि जो क्लबामागे धावतो, या दोघांच्या कारकिर्दी कागदावर सारख्या दिसल्या तरी त्यांचे जगणे सारखे नसते.

इटलीचा आघाडीपटू क्रिस्तियान व्हिएरी याचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये बसते. 1990 च्या दशकात तो जवळजवळ दर मोसमाला नव्या क्लबात होता, आणि 1999 मध्ये लाझिओकडून इंटरकडे जाताना त्याच्यासाठी त्या वेळची जगातील सर्वाधिक रक्कम मोजण्यात आली. त्यानंतर मात्र तो इंटरमध्ये सहा वर्षे राहिला.

अशा खेळाडूची कमाई किती असते?

वरच्या काही लीगमधील आकडे पाहून अंदाज बांधणाऱ्यांची फसगत होते. फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफप्रोने, 2016 मध्ये 54 देशांतील सुमारे 14 हजार व्यावसायिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातील 45 टक्के खेळाडूंचे उत्पन्न महिन्याला एक हजार अमेरिकी डॉलरपेक्षा कमी होते आणि 41 टक्के खेळाडूंना आधीच्या दोन मोसमांत पगार उशिरा मिळाल्याचा अनुभव आला होता.

मूळ पगाराखेरीज सामना खेळल्याचे, जिंकल्याचे आणि गोल केल्याचे पैसे वेगळे मिळतात. खालच्या पातळीवर हा भाग उत्पन्नाचा मोठा हिस्सा असतो, त्यामुळे दुखापत किंवा प्रशिक्षकाची नाराजी यांचा फटका थेट घरखर्चाला बसतो. अमुक इतके सामने खेळल्यास करार आपोआप एक वर्षाने वाढेल, असे कलमही कित्येक करारांत असते. मोसमाच्या शेवटी एखादा खेळाडू ठणठणीत असूनही अचानक संघाबाहेर राहिला, तर चाहत्यांनी कधी कधी या कलमाकडेही पाहावे.

पगार थकला तर खेळाडू काय करू शकतो?

क्लबाने किमान दोन महिन्यांचे पगार थकवले असतील, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन क्लबाला किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची असते. त्या मुदतीत थकबाकी मिळाली नाही, तर फिफाच्या नियमांनुसार तो योग्य कारणाने करार मोडू शकतो. आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा वाद, म्हणजे परदेशी खेळाडू आणि क्लब यांच्यातील वाद, फिफाच्या न्यायाधिकरणाकडे नेता येतो आणि त्यावर लोझान येथील क्रीडा लवादाकडे अपील करता येते. निकालानंतरही पैसे न देणाऱ्या क्लबावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येऊ शकते, आणि ही बंदीच क्लबांना सर्वाधिक झोंबते.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. अडचण अशी की निकालाला वेळ लागतो, तोवर घरभाडे थांबत नाही, आणि काही क्लब त्याआधीच दिवाळखोरीत जाऊन नाहीसे होतात. अशा खेळाडूंसाठी फिफा आणि फिफप्रो यांनी 2020 मध्ये 1 कोटी 60 लाख डॉलरचा निधी जाहीर केला होता. अनुभवी जर्नीमन म्हणूनच करार करण्यापूर्वी त्या क्लबात आधी खेळलेल्या दोघा-तिघांना फोन करतो आणि पहिला प्रश्न पगार वेळेवर होतो का, हाच विचारतो.

एजंट नसला तर चालते का?

नियमाने चालते, व्यवहारात अवघड जाते. मोकळ्या झालेल्या खेळाडूला कोणत्या क्लबात कोणती जागा रिकामी होणार आहे हे एकट्याने कळणे कठीण असते आणि एजंटाचा खरा उपयोग तेथे होतो. फिफाने 2023 पासून एजंटांसाठी परवाना परीक्षा पुन्हा सुरू केली. एजंटांच्या शुल्कावर मर्यादा घालण्याचा फिफाचा प्रयत्न मात्र युरोपातील न्यायालयांत अडकला. मोठ्या खेळाडूंची यादी असलेला एजंट लहान खेळाडूचा फोन उचलेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

नव्या क्लबात गेल्यावर सर्वांत अवघड काय असते?

वेळ नसणे. मोठ्या रकमेला विकत घेतलेल्या खेळाडूला रुळायला सहा महिने दिले जातात. एका वर्षाच्या करारावर आलेल्या तिशीतल्या खेळाडूला सहा सामनेही मिळत नाहीत. पहिल्या सरावापासून त्याला प्रशिक्षकाची रचना, कॉर्नरच्या वेळी कोणाला अडवायचे याच्या सूचना, शेजारी खेळणाऱ्या बचावपटूची पुढे सरकण्याची सवय, हे सारे भराभर आत्मसात करावे लागते. परदेशात असेल तर हेच सर्व अपरिचित भाषेत. ‘मागे माणूस आहे’, ‘वळ’, ‘सोड’ एवढे चार-पाच शब्द अनेक खेळाडू पहिल्याच दिवशी शिकून घेतात, कारण मैदानावर त्यांच्यावाचून चालत नाही.

यातून एक विशेष गुण तयार होतो, त्याची दखल फारशी घेतली जात नाही. अनेक रचनांत आणि अनेक जागांवर खेळलेला खेळाडू सहसा गोंधळत नाही. उजवा बचावपटू म्हणून आलेला माणूस गरज पडल्यास मध्यभागी किंवा डावीकडेही उभा राहतो. प्रशिक्षक अशा खेळाडूला घेतो तेव्हा त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नसते. चुका कमी व्हाव्यात आणि तरुण खेळाडूंना शेजारी आधार असावा, एवढेच हवे असते.

घरच्यांचा प्रश्न याहून कठीण असतो. मुलांच्या शाळा आणि जोडीदाराची नोकरी दरवर्षी हलवता येत नाही, म्हणून बरेच खेळाडू कुटुंब एका जागी ठेवून स्वतः भाड्याच्या खोलीत राहतात. एकाकीपणाबद्दल आता खेळाडू संघटना उघडपणे बोलू लागल्या आहेत. ते फार पूर्वी व्हायला हवे होते.

गोलरक्षकांच्या बाबतीत हे चित्र वेगळे असते का?

असते, कारण संघात जागा एकच असते आणि ती क्वचित रिकामी होते. त्यामुळे गोलरक्षक एक तर वर्षानुवर्षे एका जागी राहतो किंवा सतत फिरतो. जॉन बरिज हा इंग्लिश गोलरक्षक असंख्य क्लबांतून फिरत 1995 मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी मँचेस्टर सिटीकडून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात, खेळला आणि त्या स्पर्धेतील सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. तिसरा गोलरक्षक ही तर स्वतंत्र नोकरीच आहे. स्कॉट कार्सन 2019 मध्ये डर्बी काउंटीकडून मँचेस्टर सिटीत आला आणि अनेक मोसम तेथे राहिला, पण त्याने खेळलेले सामने बोटांवर मोजण्याइतकेच होते. सरावाचा दर्जा टिकवणे आणि पहिल्या गोलरक्षकाला तयार ठेवणे हे त्याचे काम होते.

अशा कारकिर्दीत उशिरा मोठे यश मिळू शकते का?

मिळू शकते, मात्र ते अपवादाने. रिकी लॅम्बर्टला लिव्हरपूलच्या अकादमीने पंधराव्या वर्षी सोडून दिले. पुढे ब्लॅकपूलनेही मोकळे केल्यावर त्याने काही काळ बरण्यांत बीट भरण्याच्या कारखान्यात काम केले. मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स अशी वळणे घेत तो 2009 मध्ये साउथॅम्प्टनला पोहोचला आणि त्या क्लबासोबत तिसऱ्या विभागातून प्रीमियर लीगपर्यंत चढला. ऑगस्ट 2013 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पदार्पण करताना चेंडूला झालेल्या पहिल्याच स्पर्शात त्याने विजयी गोल केला.

इटलीचा लुका तोनी खालच्या विभागांतील अनेक क्लबांत फिरल्यानंतर तेविसाव्या वर्षी सेरी आ या तेथील सर्वोच्च विभागात आला. 2005-06 मध्ये फिओरेंटिनासाठी 31 गोल करून तो स्पर्धेत पहिला आला आणि त्याच उन्हाळ्यात विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. 2014-15 मध्ये वेरोनाकडून 22 गोल करत त्याने सर्वाधिक गोलांचा मान पुन्हा, या वेळी विभागून, मिळवला तेव्हा मोसमाच्या शेवटी तो अडतीस वर्षांचा झाला होता. या दोघांमध्ये एक साम्य आहे. योग्य रचनेचा क्लब मिळाल्यावर दोघेही तेथे काही काळ टिकले, आणि त्या स्थैर्यातच त्यांचा खेळ फुलला.

दोन करारांच्या मधल्या काळात खेळाडू काय करतो?

सराव चालू ठेवतो आणि फोनची वाट पाहतो. एकट्याने धावून सामन्याची तंदुरुस्ती येत नाही, म्हणून काही देशांत खेळाडू संघटना करार नसलेल्यांसाठी शिबिरे भरवतात. फ्रान्समधील यूएनएफपी ही संघटना अशा खेळाडूंचा संघ करून सराव सामनेही लावते, जेणेकरून क्लबांच्या प्रतिनिधींना ते खेळताना दिसावेत. काही क्लब आठवडाभराच्या चाचणीवर बोलावतात. दोनशे सामने खेळलेल्या माणसाला अठरा वर्षांच्या मुलांबरोबर चाचणी देणे मानहानीकारक वाटू शकते, पण नाही म्हणणाऱ्याची जागा लगेच भरली जाते.

खेळणे थांबल्यावर पुढे काय?

सहसा निरोपाचा सामना होत नाही. एका वर्षी फोन येत नाही आणि कारकीर्द संपते. शहाणे खेळाडू तिशीतच प्रशिक्षकाच्या परवान्याचे टप्पे सुरू करतात. अनेक ठिकाणी काम केल्यामुळे ओळखी मोठ्या असतात आणि त्या स्काउट (नवे खेळाडू हेरणारा), प्रशिक्षक किंवा क्रीडा संचालक म्हणून उपयोगी पडतात. फानेनश्टील पुढे जर्मनीत फोर्टुना ड्युसेलडॉर्फचा आणि नंतर अमेरिकेत सेंट लुइस सिटीचा क्रीडा संचालक झाला. दुर्लक्षिली जाणारी बाब निवृत्तिवेतनाची आहे. पाच देशांत काम केलेल्या खेळाडूचे हक्क पाच व्यवस्थांत विखुरलेले असतात आणि काही ठिकाणी किमान वर्षे न भरल्यामुळे ते मिळतही नाहीत. म्हणून प्रत्येक क्लब सोडताना करार, पगारपत्रके आणि कर भरल्याचे दाखले यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. वीस वर्षांनंतर बुडालेल्या क्लबाकडून ती कागदपत्रे मिळवणे अशक्यप्राय असते.